शाळेचा कारभार आणि पालकांचा अधिकार : सुरतेच्या मराठी वस्तीतून एक ऐतिहासिक विचार



शिक्षकाच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत वक्त्याने शिक्षकांविषयी बोलावे असा प्रघात आहे. आज मी शिक्षकांच्या समोर बसणाऱ्या, पण आपल्या इतिहासात क्वचितच आढळणाऱ्या पालकांविषयी बोलणार आहे. कोणत्याही शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक उघडावा. त्यात संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची नामावली असते, मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीची वर्षे असतात. पालकाचे नाव मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका रकान्यात, मुलाच्या नावाशेजारी, कायमचे बंदिस्त झालेले असते. शाळा कोणाची, तिचे निर्णय कोणी घ्यायचे, आणि त्या निर्णयांत या रकान्यातील माणसाला काही स्थान होते काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न पांडेसऱ्यासारख्या वस्तीत विचारण्यास विशेष कारण आहे. सुरत शहराच्या दक्षिण अंगाला असलेला हा भाग औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांमुळे ओळखला जातो. पांडेसरा, उधना, लिंबायत आणि डिंडोली या पट्ट्यात ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कामगारांच्या शेजारी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, अमळनेर आणि नंदुरबार ही गावे उधना-सुरतेशी जोडली आणि त्याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे येत राहिली. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी अशा चार भाषांत येथील मूल वाढते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालविते. एकाच नगराच्या एकाच समितीने सात माध्यमे सांभाळावीत, ही गोष्ट देशात विरळाच आढळेल. मात्र इतक्या भाषांत शाळा चालविणे आणि इतक्या भाषांतील पालकांचे म्हणणे ऐकून शाळा चालविणे यांत अंतर आहे. ते अंतर कसे पडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुरतेच्या आधुनिक शिक्षणाच्या आरंभी एक मराठी नाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. येथील दुर्गाराम मेहताजी यांच्यासारख्या गुजराती शिक्षकांबरोबर त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभेच्या स्थापनेत भाग घेतला. रूढी, भुताखेतांच्या समजुती आणि जातिभेद यांवर या सभेत उघड चर्चा होत असे. नगरातील पालकांच्या समजुतींना शिक्षकांनी दिलेले ते आव्हानच होते. शिक्षक पुढे आणि समाज मागे, असा त्या काळच्या शाळेचा पवित्रा होता. तो अकारण नव्हता, हे पुढील प्रसंगावरून दिसेल.

१८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारने दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका मुलाला घेतले तर इतरांचे पालक आपली मुले काढून घेतील आणि शाळाच ओस पडेल, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे हे प्रकरण वरिष्ठांकडे गेले आणि १८५८ मध्ये विलायतेतील संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले. ते अंमलात येण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. १९२३ च्या ऑगस्ट महिन्यात सीताराम केशव बोले यांना मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळांबरोबर शाळाही अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असा ठराव मांडावा लागला. धारवाडच्या प्रकरणातील पालकांजवळ कोणतीही समिती नव्हती, मताधिकार नव्हता, सभासदत्व नव्हते. तरी त्यांच्या नुसत्या संभाव्य नाराजीने सरकारचा हात अडविला. पालकांचा प्रभाव हा कायद्याने निर्माण होत नाही, तो आधीपासून असतोच. तो कोणत्या पालकांचा आणि कोणाविरुद्ध वापरला जातो, एवढाच प्रश्न उरतो. पालकांच्या अधिकाराचा पुरस्कार करणाऱ्याने धारवाडचा हा धडा सतत डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे पालक काय म्हणत होते, हे महात्मा जोतीराव फुले यांनी सांगितले. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याबरोबर रुपयामागे एक आणा लोकलफंड घेण्यास प्रारंभ झाला आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. पैसा शेतकऱ्याचा होता. शाळा कोठे काढावी, मास्तर कोण असावा, काय शिकवावे हे मात्र खाते ठरवीत असे. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी नेमका हाच अन्याय मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, अशी सूचनाही त्यांनी केली. पालकांना कारभारात खुर्ची द्या असे ते म्हणाले नाहीत. पण जो शिक्षक पालकाला परका वाटतो त्याची शाळाही परकी राहते, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतर पालकाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी आली. ती सक्तीची होती. सुरतेच्या शेजारी नवसारी प्रांत बडोदे संस्थानात होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होऊ लागला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्च महिन्यात ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. या सर्व थोर पुरुषांचा हेतू उदात्त होता आणि त्यांच्या प्रयत्नांवाचून लाखो मुले अक्षरशत्रू राहिली असती. परंतु या कायद्यांत पालक हा मुख्यतः ज्याच्यावर नजर ठेवायची असा इसम होता. हजेरी त्याने द्यायची, दंड त्याने भरायचा, निर्णय इतरांनी घ्यायचा.

पालकाचे मत उघडपणे पणाला लागले असा एक प्रसंग सुरतेतच घडला. असहकार चळवळीच्या दिवसांत, १९२१ मध्ये, अहमदाबाद, नडियाद आणि सुरत या तीन नगरपालिकांनी आपल्या प्राथमिक शाळांवरील सरकारी देखरेख आणि सरकारी अनुदान नाकारले. शाळा राष्ट्रीय झाल्या असे जाहीर झाले. सरकारने १९२२ मध्ये सुरतेची लोकनियुक्त नगरपालिका दूर सारून कारभार आपण नेमलेल्या समितीकडे दिला. काही काळ शहरात दोन प्रकारच्या शाळा समोरासमोर उभ्या राहिल्या, एक राष्ट्रीय आणि एक सरकारमान्य. पालकाला रोज सकाळी मुलाचा हात धरून कोणत्या दाराकडे वळायचे हे ठरवावे लागे. आरंभी अनेकांनी राष्ट्रीय शाळेची वाट धरली. पुढे चळवळीचा भर ओसरला, प्रमाणपत्राची आणि नोकरीची चिंता वाढली आणि राष्ट्रीय शाळांतील मुले घटत गेली. शाळा राष्ट्रीय करण्याचा निर्णय पुढाऱ्यांचा होता. ती टिकावी की नाही याचा निर्णय हजारो घरांतून, कोणताही ठराव न होता, झाला. मूल पाठविणे आणि मूल काढून घेणे एवढी दोनच अक्षरे पालकांच्या हाती होती आणि त्यांनीच त्यांना आपले मत लिहावे लागले.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या शिक्षण मंडळांकडे सोपविल्या आणि १९४७ च्या कायद्याने ती व्यवस्था नव्याने बांधली. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य वेगळे झाले तेव्हा हाच वारसा त्याच्याकडे आला. १९६६ मध्ये सुरतेची महानगरपालिका झाली. आजची नगर प्राथमिक शिक्षण समिती ही याच परंपरेतील आहे. नगरसेवकांनी निवडलेल्या सभासदांचा तो कारभार. मतदार म्हणून नागरिकाचा त्यात वाटा होता, पण मुलाचा पालक या नात्याने नव्हता. ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आणि मूल सुरतेच्या शाळेत, अशा परगावाहून आलेल्या कामगाराला तर तोही वाटा नव्हता.

याच काळात काही शिक्षकांनी पालकाकडे पाहण्याची तिसरी दृष्टी दिली, तिचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येणार नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या गुजराती-मराठी जोडीने बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पालकांसाठी त्यांनी विपुल लिहिले. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, हे त्यांनी घरोघर पोचविले. इकडे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि गावकऱ्यांच्या मूठमूठ धान्यावर मुलांचे वसतिगृह उभे केले. एकीकडे पालक ऐकणारा झाला, दुसरीकडे देणारा झाला. शाळा आणि घर यांत जिव्हाळा निर्माण झाला. पण विचारविनिमयाच्या बैठकीत पालकाने बोलावे आणि त्याच्या बोलण्याने निर्णय बदलावा, ही पायरी अजून यायचीच होती.

ती कायद्याने आली २००९ मध्ये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. समितीचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळावी, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत या समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते राहिले; नगरपालिकेच्या शाळांत मात्र तिचा अधिकार कायम आहे. याच कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले, पण त्यासाठी दंड ठेवला नाही. एका शतकात दंडाची जागा सभासदत्वाने घेतली. हा बदल लहान नाही.

तरीही कायद्याने खुर्ची मांडली म्हणजे माणूस येऊन बसतोच असे नाही. पांडेसऱ्यातील गिरण्यांत आणि यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी अकराच्या सभेला कसा येणार? आई साड्यांना टिकल्या-लेस लावण्याचे काम घरी नगावर करते. सभेला गेलेला तास तिच्या मजुरीतून वजा होतो. आखाजीला आणि दिवाळीला कुटुंब गावी जाते. सूचनापत्र शासकीय गुजरातीत असेल तर ते मुलाकडून वाचून घ्यावे लागते. अशा पालकाने इतिवृत्तावर सही केली किंवा अंगठा उठविला, तर त्याची उपस्थिती कागदावर लागते, त्याचे मत लागत नाही. यातून पालक उदासीन आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही.

मान्य नसण्याचे कारण या वस्तीतच आहे. श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. घरोघर भाऊबंद एकत्र जमतात, रोट काढतात, खर्च वाटून घेतात, आणि कोणाच्या घरी कानबाई बसवायची हे मिळून ठरवितात. गणपती मंडळाची वर्गणी, तिचा जमाखर्च, त्यावरून होणारे वाद आणि त्यांची मिटवामिटव आपण सर्वांनी पाहिली आहे. बायकांची भिशी पाहा. दर महिन्याला रक्कम गोळा होते, चिठ्ठी उघडते, एखादीच्या घरी आजारपण असेल तर पाळी बदलून दिली जाते, आणि हे सारे एका वहीवर आणि परस्परांच्या शब्दावर चालते. ज्या लोकांना हिशेब ठेवता येतो, हिशेब मागता येतो आणि अडचणीतल्याला सांभाळून निर्णय घेता येतो, त्यांना शाळेचा कारभार समजणार नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मग तीच माणसे शाळेच्या सभेत गप्प का बसतात? भिशीत त्यांच्या बोलण्याने काही ठरते. शाळेच्या सभेत बहुधा आधीच ठरलेले असते.

इतर ठिकाणी काय झाले तेही पाहावे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेला स्थानिक मंडळ दिले. त्यात सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी रचना होती आणि मुख्याध्यापकाची निवड करण्याचा अधिकारही त्या मंडळाला मिळाला. महाराष्ट्राने २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात खासगी शाळांच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवणे आवश्यक केले. गुजरातने २०१७ मध्ये हेच काम विभागवार शासकीय समित्यांकडे दिले. एका राज्याने पालकाला निर्णयात बसविले, दुसऱ्याने पालकाच्या वतीने निर्णय घेणारे मंडळ नेमले. दोन्ही वाटांना गुणदोष आहेत. एकीत संघटित आणि सुशिक्षित पालकच पुढे होण्याचा धोका आहे, दुसरीत पालक पुन्हा अर्जदार होण्याचा.

आता ज्या विषयावर हे सर्व इतिहासकथन येऊन थांबते तो विषय सांगतो. या भागातील मराठी पालकापुढचा सर्वांत मोठा निर्णय माध्यमाचा आहे. मूल मराठीत शिकवावे, गुजरातीत की इंग्रजीत? घटनेच्या ३५० क कलमाने, १९५६ मध्ये, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. २००९ च्या कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले. २०२३ मध्ये गुजरातने सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सक्तीचा केला. या राज्यात ज्यांना राहायचे आहे, त्यांच्या मुलांना गुजराती उत्तम यावी यात वाद नाही. दादोबांसारखा मराठी वैयाकरण येथील गुजराती मित्रांबरोबर उभा राहिला तो या भूमीला आपली मानूनच. प्रश्न निराळा आहे. मराठी वर्ग चालू राहावा की नाही हा निर्णय आज कोठे होतो? तो घरात, एकेकट्याने होतो. शेजाऱ्याने मूल इंग्रजी शाळेत घातले म्हणून आपणही घालतो. दहा घरांनी असे केले की पटसंख्या घटते. पटसंख्या घटली की तुकडी जाते. तुकडी गेली की अकराव्या घराला निवडच उरत नाही. १९२१ च्या सुरतेतल्याप्रमाणे आजही पालक पाठविणे आणि काढून घेणे या दोनच अक्षरांत आपले मत लिहितो आहे, जरी त्याला आता बोलण्याची जागा कायद्याने मिळाली आहे.

इंग्रजीकडे वळणाऱ्या पालकाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. ज्याने आयुष्यभर रंगाच्या वाफेत काम केले त्याने मुलासाठी निराळे स्वप्न पाहिले तर ते त्याचे कर्तव्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की हा निर्णय एकत्र बसून व्हावा. मराठी माध्यमात राहून इंग्रजी आणि गुजराती अधिक चांगली कशी शिकविता येईल, आठवीनंतर मुलांनी कोठे जावे, हे प्रश्न समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावेत. त्यासाठी सभा सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी बदलण्याच्या वेळा पाहून ठेवावी. इतिवृत्त मराठीत लिहावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्या नवऱ्याच्या सहीने भरू नयेत. कसे शिकवावे हे शिक्षकांचे क्षेत्र आहे, तेथे पालकांनी संयम पाळावा. कशासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणाला वगळून नाही, हे मात्र सर्वांचे क्षेत्र आहे. आणि बैठकीत बहुसंख्य पालक ज्या मुलाला नको म्हणतील त्या मुलाची बाजू घेण्याचे काम मुख्याध्यापकांनी करावे, कारण धारवाडच्या शाळेच्या दारात उभा असलेला तो मुलगा कोणत्याही समितीच्या बहुमताने आत आला नसता.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज मोठ्या संख्येने येथे आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण आता पालक झाले आहेत. शाळेला देणगी देण्याची आपली परंपरा आहे आणि ती चालू राहावी. त्याबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी, ती म्हणजे महिन्याकाठी सभेचे दोन तास. शेजारच्या रात्रपाळीच्या बापाला सूचनापत्र समजावून सांगणे, त्याच्या शंकेला कागदावर शब्द देणे, हे काम शिकलेल्या मुलांकडून या वस्तीला अपेक्षित आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांच्या हातून शिकलेल्यांनी ते केले तर त्यांचे स्मरण या पुस्तिकेपुरते उरणार नाही.